दुक्मच्या लिफ्टरचं मोजमाप

धनंजय भुवड हा आमच्या कॅम्पच्या व्हॉलीबॉल टीमचा लिफ्टर होता.

व्हॉलीबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. आपल्या बाजूला आलेला बॉल जास्तीत जास्त तीन हातांत परत पाठवायचा असतो. पहिला माणूस तो खालून उचलतो, त्याला पास म्हणतात. दुसरा तो नेटजवळ वर चढवतो, ती लिफ्ट. तिसरा उडी मारून पलीकडे हाणतो, तो शूटर. टाळ्या शूटरला मिळतात. लिफ्टरच्या नावावर पॉइंट लागत नाही. पण बॉल कुठल्या शूटरला द्यायचा, किती उंच द्यायचा, हे सगळं तोच ठरवतो, आणि बॉल हातात येण्याआधीच त्याला ते ठरवावं लागतं.

ओमानमध्ये दुक्मला तेलाच्या टाक्यांच्या कामावर आम्ही बरोबर होतो. मी पाइप फिटर, तो स्कॅफोल्डर. गावाकडे जिला परांची म्हणतात, तीच तिकडे लोखंडी पाइप आणि क्लॅम्प लावून बांधायची. धनंजय गुहागर तालुक्यातला. चिपळूणला बांबूच्या परांच्या बांधत होता, तिथून सोहारला आला, सोहारहून दुक्मला. चाळिशी ओलांडलेला, हडकुळा, लांब हातांचा. बोलणं कमी. त्याची बायको विशाखा फोनवर म्हणायची, "तुम्ही तिकडे कामाला गेलाय की खेळायला?" तो म्हणायचा, "दोन्हीला."

माझ्या कामाबाबत मी चिकित्सक होतो. कुणाच्याही परांचीवर चढायचो नाही. धनंजयच्या चढायचो. बांधून झाली की तो आधी स्वतः वर जायचा, प्रत्येक फळीवर उभा राहून दोनदा अंग आपटायचा, मगच आम्हाला वर बोलवायचा. दुक्मचा वारा ज्याने खाल्लाय त्याला याचं मोल कळेल. समुद्राकडून येणारा तो वारा माणसाच्या हातातला पाना हलवतो.

मेसच्या मागे ग्रेडरने दाबलेली जमीन होती, तेच आमचं ग्राउंड. नेटचे खांब परांचीच्या पाइपचे. माझा गुडघा गेल्यापासून मी खेळत नव्हतो, पण टीम निवडायचं काम माझ्याकडे होतं. वयाने मोठा म्हणून, आणि कुणाची भीड धरत नाही म्हणून. दर थंडीत मस्कतजवळच्या सीबला भारतीयांची स्पर्धा भरायची. सूर, सोहार, मस्कत, सगळीकडच्या टीम यायच्या. मागच्या वर्षी आम्ही सेमीफायनलला हरलो होतो, आणि वाईट हरलो होतो. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

त्या वर्षी प्लॅनिंगला रुचिर देवस्थळी नावाचा इंजिनिअर नवीन आला. पुण्याचा. कॉलेजात खेळलेला, मनाने साफ. त्याने एका पाइपला मोबाइल बांधून आमची प्रॅक्टिस आणि मॅच चित्रित केल्या आणि प्रत्येकाचे आकडे काढले. एका संध्याकाळी मेसच्या टीव्हीला लॅपटॉप लावून त्याने ते सगळ्यांना दाखवले.

शूटरमध्ये पहिला कृष्णकांत चौगुले. तो कोल्हापूरकडचा, स्कॅफोल्डिंगचा फोरमन, म्हणजे कामावर धनंजयचा साहेब. सगळे त्याला कृष्णाभाऊ म्हणत. पास घेण्यात पहिला उस्मान, दाभोळचा, आमच्या कॅम्पची बस चालवायचा. मग लिफ्टर आले. धनंजय भुवड, शंभर लिफ्टमागे एकोणीस चुका. गुलजार, शंभरामागे अकरा. गुलजार मिरजेचा इलेक्ट्रिशियन, धनंजयहून बराच तरुण, पायात स्प्रिंग असल्यासारखा.

"एकोणीस?" उस्मान म्हणाला. "अरे, बस चालवताना मी एवढ्या केल्या असत्या तर तुम्ही सगळे उंटांच्या अंगावर असतात."

मेस हसली. कृष्णकांतने ताटातली रोटी मोडली. "मी केव्हापासून सांगतोय. याची लिफ्ट उशिरा येते."

"पर्सनल काही नाही हां, धनंजयदादा," रुचिर म्हणाला. "डेटा आहे फक्त."

"असू दे साहेब. चहा घ्या."

मी विचारलं, "चूक लिफ्टरची की शूटरची, हे कसं ठरवलंत?"

"सोपं आहे काका. पॉइंट गेला की दादा स्वतःच हात वर करतात. कॅमेऱ्यात क्लिअर दिसतं. जिथे मला डाउट होता तिथे मी तेच धरलं."

उस्मान चहा ढवळत राहिला. धनंजय हात का वर करतो, हे रुचिर सोडून तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कृष्णकांतला नसेल असं मला वाटत नाही. तोच म्हणाला, "बरोबर आहे की. माणूस स्वतः कबूल करतोय, मग अजून काय पाहिजे?"

मी धनंजयकडे पाहिलं. त्याने ताट उचललं आणि धुवायला गेला.

सीबला नावं कळवायची वेळ जवळ येत होती. आकड्यांप्रमाणे गेलो असतो तर लिफ्टर गुलजार.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी त्याला टाकीच्या सावलीत गाठलं.

"काल बोलला का नाहीस?"

"काय बोलू, अण्णा?"

"त्या एकोणीस तुझ्या नाहीत."

"काही आहेत."

"बाकीच्या कुणाच्या ते रुचिर साहेबाला सांग. तो बदलून घेईल."

"नाही सांगणार."

"मग सीबला गुलजार उभा राहील."

"चांगला खेळतो गुलजार." त्याने चहाचा कप जमिनीवर ठेवला. "मला जायचंय, अण्णा. अंगात दोन वर्षं राहिलीत, फार तर तीन. यंदा त्या नेटखाली मलाच उभं राहायचंय. पण दुसऱ्यांच्या चुका दाखवून नाही."

त्याचं ते हात वर करणं कामावरून आलेलं होतं. परांचीवर काम करताना वरून क्लॅम्प किंवा पाना निसटला तर सगळ्यात वरचा माणूस ओरडतो, "माझं!" कुणाच्याही हातून निसटलेला असो. खालचे लोक वर बघतात आणि बाजूला होतात. वर असताना कुणी कुणाला विचारत नाही की तुझं की माझं, कारण वाद घालणाऱ्याचा हात सुटतो. सगळे खाली उतरले की मग विचारायचं, आणि तेव्हा कुणाला सोडायचं नाही. सोहारला एका म्हाताऱ्या स्कॅफोल्डरने धनंजयला हे शिकवलं होतं, त्याने आपल्या गँगला शिकवलं, आणि मग तो ते ग्राउंडवर घेऊन आला. शूटरचा बॉल बाहेर गेला, नेटमध्ये अडकला, दोघांच्या मधे पडला, की याचा हात वर.

"ग्राउंड म्हणजे टाकी नाही," मी म्हणालो.

"उडी मारलेला माणूस वरच असतो ना, अण्णा."

मी रुचिरला जाऊन ही रीत सांगितली. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "काका, मग असं करू. पुढच्या मॅचपर्यंत दादांनी हात वर करायचाच नाही. मी पुन्हा मोजतो. तेव्हा काय ते खरं कळेल."

मागणी रास्त होती. मी धनंजयला हुकूम दिला. त्याने मान हलवली.

पोर्टवरच्या मुलांशी आमची मैत्रीची मॅच होती. त्यांना आम्ही दर वेळी हरवायचो. दुसऱ्याच पॉइंटला कृष्णकांतने बॉल नेटमध्ये मारला. सगळ्यांनी सवयीने धनंजयकडे पाहिलं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढच्या सर्व्हिसकडे बघत होता.

"कुणाचा रे?" उस्मानने विचारलं.

"लिफ्ट बघितलीस ना कशी होती?" कृष्णकांत म्हणाला.

"मी लिफ्ट बघत नाही, मी बॉल बघतो. चांगला गुळगुळीत आला होता."

"तू बस चालव."

"बस तरी सरळ जाते माझी!"

पुढचा बॉल कृष्णकांतने मारला नाही, नुसता टपली देऊन पलीकडे सोडला. त्याचं बघून दुसरा शूटरही तेच करू लागला. मग एक सर्व्हिस दोघांच्या मधे आली. "तुझा!" "तुझा!" आणि बॉल जमिनीवर. मला बाकावर बसवेना. सहा धडधाकट माणसं, दिवसभर लोखंड उचलणारी, आणि बॉलला हात लावायला घाबरत होती. आम्ही दोन्ही सेट हरलो. पोर्टवाल्यांना स्वतःला ते खरं वाटेना.

त्या रविवारी रुचिर लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीवर आला. चेहरा पडलेला.

"दादांच्या खऱ्या चुका शंभरात नऊ निघतात, काका. गुलजारपेक्षा कमी. म्हणजे लिफ्टर म्हणून दादा पास."

"मग तोंड असं का?"

"बाकीचे बघा ना." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "कृष्णाभाऊ आधी दहातले सात बॉल जोरात मारायचे. या मॅचला तीन. पास घेणारेही तसेच. मग मी जुने व्हिडिओ पुन्हा काढले. गुलजार लिफ्टर असताना सेम हेच होतं, एवढं नाही, पण होतं. मी दादांना दादांच्या ओळीत शोधत होतो. ते बाकीच्या पाच जणांच्या ओळीत सापडले."

मला हे नजरेने जाणवायचं, पण असं कुणी मोजून दाखवलं नव्हतं. मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा टाकला.

"अजून दोन गोष्टी आहेत," तो म्हणाला. "एक, दादांच्या नऊपैकी बहुतेक चुका पायांच्या आहेत. पास लांब गेला की ते पोचत नाहीत. गुलजार पोचतो. आणि दुसरी ही." त्याने एक व्हिडिओ अगदी सावकाश चालवला. धनंजयच्या हातातून बॉल सुटायचा होता, आणि कृष्णकांतचे पाय जमीन सोडून वर गेलेले होते. दुसरा व्हिडिओ, तेच. स्कोअर बरोबरीत आला की प्रत्येक वेळी तेच. "ते लवकर उडतात, काका. म्हणून त्यांना लिफ्ट उशिरा वाटते. मागच्या वर्षीची सेमीफायनल पण तशीच गेली."

म्हणजे कॅमेरा खोटं बोलत नव्हता. आणि धनंजयचा हात सगळंच झाकत होता.

मी धनंजयला बोलावून घेतलं. रुचिरला थांबवून ठेवलं.

"कृष्णकांत लवकर उडतो, हे तुला माहीत आहे?"

धनंजयने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू हात वर करत राहिलास. त्याला कळलं नाही, त्याने सुधारलं नाही, टीम हरली. तुझ्या त्या रीतीचा अर्धाच भाग तू पाळतोस. वर असताना गप्प राहायचं, ठीक. खाली उतरल्यावर बोलायचं कुणी? लोक याला चांगुलपणा म्हणत असतील. मी कामचुकारपणा म्हणतो."

त्याच्या मानेची शीर ताठ झाली. त्याला असं आजवर कुणी म्हटलं नसणार. म्हणण्यासारखं कारणही त्याने कधी दिलं नव्हतं.

"दुसरं म्हणजे पाय. हात वर करणं सोपं आहे. पाय उचल. रोज संध्याकाळी लांबचे बॉल टाकतो, जाऊन घ्यायचे. ही दोन कामं केलीस तर लिफ्टर तू. एक जरी राहिलं तरी गुलजार."

"माझा फोरमन आहे तो, अण्णा."

"माहीत आहे."

"उद्या कुठल्या टोकाला चढवेल..."

"चढशील."

"पाय आजपासून," तो म्हणाला. "दुसरं मला माझ्या वेळेने करू द्या."

"सीबच्या आधी."

"सीबच्या आधी."

मग रोज प्रॅक्टिस संपली की मी आणि रुचिर दोन टोकांना उभे राहून बॉल टाकायचो. धनंजय धावायचा. एकदा घसरून कोपर फुटलं, रुचिर म्हणाला, "बस करू या, दादा." मी पुढचा बॉल टाकला. धनंजय उठून गेला आणि घेतला. दिवसभर परांचीवर चढउतार केलेल्या माणसाला हे काय पडतं, ते मला कळत होतं. म्हणूनच मी थांबलो नाही. दया दाखवली असती तर त्याचे कष्ट मी फुकट घालवले असते.

एका संध्याकाळी सगळे गेले. मी नेटची दोरी सोडत होतो. कृष्णकांत कडेला बसून बुटांच्या नाड्या काढत होता. धनंजय त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"भाऊ, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"तुम्ही लवकर उडता."

"काय?"

"बॉल माझ्या हातात असतानाच तुम्ही वर गेलेले असता. बॉल येतो तोवर तुम्ही खाली यायला लागता. म्हणून नेटमध्ये जातो."

कृष्णकांतने नाडी तशीच हातात धरली. "हे तू आज सांगतोयस मला?"

"उशीर केला. ती चूक माझी."

"आणि इतके दिवस हात वर करत होतास, ते काय? उपकार करत होतास माझ्यावर?"

"नाही भाऊ. खेळ थांबू नये म्हणून."

"त्या पुण्याच्या पोराने पढवलंय तुला."

"मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. सांगायची हिंमत नव्हती."

"आता कुठून आली?"

"आली नाही. तरी सांगतोय."

कृष्णकांत उठला. बूट हातात घेऊन खडीवरून अनवाणीच खोलीकडे गेला. धनंजयने माझ्याकडे पाहिलं नाही. नेटची दुसरी बाजू सोडून त्याने घडी घालायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामं वाटली गेली तेव्हा धनंजयला समुद्राकडच्या टाकीचं वरचं कडं मिळालं. सगळ्यात जास्त वारा तिथे. फोरमनचा तो अधिकार होता, कुणाला चूक म्हणता आलं नसतं. धनंजय पट्टा लावून चढला. संध्याकाळी उतरला तेव्हा डोळे वाळूने लाल झाले होते. तसाच ग्राउंडवर आला. कृष्णकांत आला नाही. दुसऱ्या दिवशी तीच टाकी, आणि संध्याकाळी कृष्णकांत नाहीच. उस्मान म्हणाला, "शूटर खलास झाला वाटतं. आता मीच मारतो." त्याने मारला, तो मेसच्या पत्र्यावर गेला.

आठवडा संपत आला तेव्हा कृष्णकांत वेळेच्या बराच आधी ग्राउंडवर आला. आम्ही तिघंच होतो. तो नेटजवळ जाऊन उभा राहिला.

"दे बघू," तो धनंजयला म्हणाला.

धनंजयने बॉल चढवला. कृष्णकांत उडाला, मारला, नेट.

"लवकर?"

"लवकर."

पुन्हा.

"लवकर."

पुन्हा.

"अरे, आता तर थांबलो होतो!"

"थांबला होतात. तरी लवकर."

"माझी बायकोसुद्धा माझ्या तोंडावर एवढं बोलत नाही."

"वहिनी व्हॉलीबॉल खेळत नाहीत, म्हणून."

कृष्णकांतला हसायचं नव्हतं, पण हसला. "चल, यल्ला, अजून दे." अंधार पडून लाइट लागेपर्यंत दोघं तेच करत होते. शेवटी शेवटी बॉल नेटच्या पलीकडे जमिनीवर असा आदळायला लागला की धूळ उठायची. समुद्राकडच्या टाकीवर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाची पाळी लागली.

मी नावं कळवली. लिफ्टर धनंजय, राखीव गुलजार. गुलजार सरळ माझ्याकडे आला.

"काका, आकड्यात मी मागे आहे का?"

"शंभरात दोन चुकांनी. म्हणजे जवळपास बरोबरीत."

"मग?"

"तू लिफ्टर असताना बाकीचे पाच कसे खेळतात, ते रुचिर साहेबाला विचार."

त्याने विचारलं. उत्तर त्याला आवडलं नाही, तोंडावर दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर सगळ्यात आधी तोच होता. त्याचं मला बरं वाटलं.

सीबला उस्माननेच बस नेली, महूतवरून सिनावमार्गे. शुक्रवारी आम्ही दोन मॅच जिंकल्या, शनिवारी दुपारी सेमीफायनल काढली. संध्याकाळी फायनल होती सूरच्या टीमशी. ग्राउंडभोवती माणसं, बायका, पोरं, बटाटेवड्यांचा वास. पहिला सेट आमचा. धनंजय कुठल्या शूटरला देतोय हे सूरवाल्यांना शेवटपर्यंत कळत नव्हतं.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर त्याचे पाय संपले. एक पास लांब गेला, पोचला नाही. दुसरा गेला, पोचला पण बॉल तोकडा चढला. तिसऱ्यालाही तेच झाल्यावर मी त्याला बाहेर काढून गुलजारला आत घेतलं. धनंजय येऊन बाकावर बसला. गुलजार सगळीकडे पोचत होता, पण शूटर पुन्हा टपल्या द्यायला लागले. सेट गेला.

तिसरा सेट निकालाचा, पंधरा पॉइंटचा. मी रुचिरला विचारलं, "काय म्हणतं तुझं यंत्र?"

"दादांचे पाय संपलेत, काका. ते खरं आहे. गुलजार असला की बाकीचे बावरतात, तेही खरं आहे." त्याने लॅपटॉप मिटला. "पास सरळ दादांच्या डोक्यावर आला तर दादा. नाहीतर गुलजार."

म्हणजे प्रश्न धनंजयचा उरलाच नव्हता. तो बाकीच्या पाचांचा होता. मी त्यांना जवळ बोलावलं.

"हा आता धावू शकत नाही. आपल्यासाठी धावून याचे पाय गेलेत. पास त्याच्या डोक्यावर आणून द्यायचा. जमणार असेल तर तो आत येतो. ज्याचा पास वाकडा जाईल, तो परत जाताना बसमध्ये नाही."

"काका, बस मीच चालवतो," उस्मान म्हणाला.

"मग तू सगळ्यात आधी सरळ दे."

"आत घ्या त्याला," कृष्णकांत म्हणाला. "आम्ही बघतो."

धनंजय आत गेला. त्यानंतर त्या पाचांनी जे केलं, तसं मी दुक्मला कधी पाहिलं नव्हतं. उस्मान पोटावर पडला, कोपरावर पडला, एकदा प्रेक्षकांच्या पायांत शिरला, पण पास नेटजवळ त्याच जागी. धनंजय नुसता पाऊलभर इकडेतिकडे सरकायचा आणि बॉल चढवायचा. तेरा-तेरा असताना त्याने बॉल कृष्णकांतला दिला. कृष्णकांत थांबला. बॉल पुरता वर येऊ दिला, मग उडाला. चौदा. पुढचाही त्यालाच दिला, सूरच्या दोघांनी ब्लॉकला हात वर केले होते, त्यांच्या बोटांना लागून बॉल बाहेर गेला. पंधरा.

परतताना उस्मानने कप बसच्या स्टिअरिंगपुढे ठेवला आणि दुक्मपर्यंतचे आठ-नऊ तास कुणालाही हात लावू दिला नाही.

मार्चमध्ये मी दुक्म सोडलं. नोकरी संपली, गावी आलो. जाताना टीम निवडायचं काम धनंजयकडे देऊन आलो. दुसऱ्याचं नाव माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या थंडीत त्याचा फोन आला.

"अण्णा, सीबची नावं कळवली."

"लिफ्टर कोण?"

"गुलजार."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाय तपासले, अण्णा. रुचिर साहेबांनी मोजले, मग मी पण स्वतः बघितले. नाही पोचत आता. आणि गुलजार आला तरी कृष्णाभाऊ जोरात मारतात. गुलजार त्यांना तोंडावर सांगतो, लवकर उडलात म्हणून. काल सगळ्यांसमोर सांगितलं, भाऊंनी शिवी दिली आणि पुन्हा उडी मारली."

"तुला वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

"मग आता तू बाकावर?"

"बाकावर कशाला? मागच्या ओळीत जागा आहे, पास घ्यायची. पण ती उस्मानची आहे. सोडत नाही मेला. खेळून घ्यावी लागेल." मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो, अण्णा. ग्राउंडवर लाइट लागलेत."